मराठी व्हिडिओ बघून फोन शिकवताना मेनू जुळत नाहीत, पहाणी (कर्नाटकातला शेताचा उतारा) तर निघतच नाही. काय करायचं?

मलप्रभाकाठ

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या संघासाठी आठवड्यातून दोनदा, एकेक तासाचा फोनचा वर्ग आहे. बाराजणी, वय ४५ ते ६५. मराठी सगळ्या वाचतात. कन्नड बोललेलं समजतं, पण वाचता चौघींनाच येतं. फोन सॅमसंग, रेडमी, तीन विवो आणि एक मोटोरोला. यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ लावून शिकवायचं ठरलंय, पण अडचणी अशा:

१) व्हिडिओत दाखवलेला मेनू हातातल्या फोनवर सापडत नाही.
२) बघताना सगळं समजतं, फोन हातात घेतला की अडतं.
३) नेटवर्क यथातथाच. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या बायकांच्या घरी तर व्हिडिओ चालतच नाही.
४) शेताचा उतारा, दाखले यांचे मराठी व्हिडिओ बघून तसंच्या तसं केलं तरी गावाचं नाव यादीत येत नाही.

जाणकारांनी नेमकं सांगावं. ‘सराव करा, जमेल’ एवढंच नको.

रिपेअर_खडेबाजार

अक्का, व्हिडिओ शोधताना काय टाइप करालाय ते आधी बघा. ‘मोबाईल कसा वापरायचा मराठी’ असं टाकलं तर कुठल्याही फोनचा, कुठल्याही वर्षाचा व्हिडिओ पुढं येतो. अँड्रॉइड एकच असलं तरी त्यावर प्रत्येक कंपनी आपलं आवरण चढवते. सॅमसंगचं वन यूआय, रेडमीचं आधी एमआययूआय आणि आता हायपरओएस, विवोचं आधी फनटच आणि आता नव्या फोनवर ओरिजिनओएस. मेनूची नावं आणि जागा हे आवरण ठरवतं.

प्रत्येकीच्या फोनवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. सॅमसंगवर त्याच्या आत ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ असतं. मॉडेल, अँड्रॉइडचा आकडा आणि आवरणाचा आकडा असं तिन्ही वहीत लिहून घ्या. मग शोधताना कंपनी, आवरणाचा आकडा आणि काम, एवढंच टाका. म्हणजे ‘सॅमसंग वन यूआय ६ अक्षर मोठं’. शोधाच्या फिल्टरमध्ये अपलोडची तारीख ‘या वर्षी’ ठेवा. व्हिडिओ लागला की पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यातला सेटिंग्जचा पडदा आपल्या फोनसारखा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर लगेच बंद करा, पुढं बघून फायदा नाही.

नेहमी फसतं ते तीन ठिकाणी:

पडदा लवकर काळा होतो. सॅमसंगवर डिस्प्लेमध्ये ‘स्क्रीन टाइमआउट’ मिळतं. रेडमीच्या बऱ्याच फोनवर तेच लॉक स्क्रीनच्या भागात ‘स्लीप’ नावानं लपलंय. वर्गाच्या दिवशी सगळ्यांचं ५ किंवा १० मिनिटांवर ठेवा, नाहीतर अर्धा वेळ पडदा उघडण्यात जातो.

मागे जायचं बटण. सॅमसंग आणि रेडमीवर मुळात ते उजवीकडं असतं, मोटोरोलावर डावीकडं. व्हिडिओत ‘डावीकडचं बटण दाबा’ म्हटलं की सॅमसंगवाली अलीकडच्या ॲपची यादी उघडून बसते. काही फोनवर बटणंच नाहीत, काठावरून बोट सरकवावं लागतं. वर्गापुरतं सगळ्यांना तीन बटणांवर आणा. सॅमसंगवर डिस्प्लेमध्ये ‘नेव्हिगेशन बार’, तिथं बटणांचा क्रमही बदलता येतो.

पॉवरचं बटण. आताच्या बऱ्याच फोनवर ते दाबून धरलं तर फोन बंद होत नाही, बोलणारा सहायक उघडतो. सॅमसंगवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही मिळून दाबून धरा, बंद करायचा पर्याय येतो. पटकन दाबून सोडलंत तर स्क्रीनशॉट निघतो.

आणि सेटिंग्जच्या वर भिंगाचं चिन्ह आहे, ते वापरायची सवय लावा. काम काय ते टाइप केलं की फोनच आपला मेनू दाखवतो. निम्म्या व्हिडिओंची गरजच संपते.

माझं मत, मेनू इंग्रजीतच राहू दे. व्हिडिओवाले मराठी बोलत असले तरी पडदा इंग्रजीच दाखवतात.

हुक्केरी_रस्ता

शेवटचं पटलं नाही. ज्यांना इंग्रजी अक्षर ओळखूच येत नाही त्यांनी चित्राच्या जागेवरून पाठ करायचं का? अपडेट आलं, चिन्ह हललं की सगळं गेलं. अँड्रॉइड १३ पासून ॲपनिहाय भाषा ठेवता येते. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग लँग्वेजेस, त्यात ‘ॲप लँग्वेजेस’. सॅमसंगवर हे ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये आहे. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही ‘ॲप लँग्वेज’ मिळतं. रोज लागणारी ॲप मराठीत आणि फोनचा मेनू इंग्रजीत, असं मधलं ठेवता येतं.

दुकानातून आलेला फोन कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर घाबरायचं कारण नाही. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं. यादीपर्यंत पोचलं की ‘मराठी’ हे मराठीतच दिसतं.

निपाणी_स्टँड

दुसऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण खरं गाडं तिथंच अडतं.

व्हिडिओ वर्गात सलग चालवू नका. दाखवणाऱ्याचं बोट डोळ्यांना दिसतं, पण हाताला त्यातलं काही आठवत नाही. पाच मिनिटांच्या व्हिडिओत पंधरा-वीस टॅप असतात आणि तिसरा चुकला की पुढचे सगळे वाया. वर्गाआधी तुम्ही एकट्यानं बघा आणि कुठं थांबवायचं त्या जागा मिनिट-सेकंदासकट कागदावर काढा. एका थांब्यात दोन, फार तर तीन टॅप. थांबवायचं, बाराजणींनी करायचं, सगळ्यांचा पडदा सारखा दिसला की मगच पुढं.

यूट्यूबमधलं एवढं शिकवलंत की पुरे: पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की १० सेकंद मागं, उजव्या बाजूला पुढं. वरच्या दातेरी चाकाच्या चिन्हातून वेग ०.७५ करा. ०.५ केला तर आवाज लांबट होऊन शब्द उलट कमी कळतात. पूर्ण पडदा करून दोन बोटांनी फाकवलं की चित्र मोठं होतं, बारीक मेनू वाचता येतो. व्हिडिओखालचं वर्णन उघडून खाली गेलं आणि ट्रान्स्क्रिप्ट असेल तर बोललेलं सगळं लेखी दिसतं. ओळीवर टॅप केलं की व्हिडिओ थेट तिथं जातो.

संगणकावर लावत असाल तर कळा शिका. ‘के’ थांबवायला, ‘जे’ १० सेकंद मागं, ‘एल’ १० सेकंद पुढं. थांबलेल्या व्हिडिओत स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चित्र मागं-पुढं सरकतं. झटकन गेलेला टॅप पकडायला हेच उत्तम. ‘शेअर’ दाबल्यावर खाली ‘इथून सुरू करा’ अशी चौकट येते. तिच्यात खूण करून दुवा संघाच्या ग्रुपवर टाकला की व्हिडिओ नेमक्या त्या जागेपासून उघडतो. अख्खा व्हिडिओ पाठवला तर जाहिरात आणि ‘सबस्क्राइब करा’ यातच लोक उठून जातात.

व्हिडिओ आणि सराव एकाच फोनवर करू नका. दोन भागांचा पडदा करता येतो, पण ६ इंचाच्या फोनवर दोन्हीकडचं काहीच वाचता येत नाही. व्हिडिओ टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, हातात फक्त सरावाचा फोन. लॅपटॉपवरच काही शिकवायचं असेल तर विंडोजची कळ धरून डावा बाण दाबा, व्हिडिओ अर्ध्यात बसतो आणि उरलेल्या अर्ध्यात काम चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची पद्धत हीच आहे. त्यांचे लिबरऑफिसचे धडे मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. धडे छोटे आणि पडदा इंग्रजीच, फक्त बोलणं आपल्या भाषेत. मेनू जुन्या आवृत्तीचे दिसतील, तेवढं सांभाळून घ्या.

व्हॉट्सॲपच्या सरावासाठी स्वतःलाच मेसेज करायची सोय आहे. नवीन चॅटच्या यादीत आपलं नाव आणि पुढं ‘तुम्ही’ असं दिसतं. फोटो, आवाज, लोकेशन सगळं तिथं पाठवून बघा. चुकलं तरी गावभर जात नाही.

येळ्ळूर_फाटा

नेटवर्कचं सोपं आहे. जिथं वायफाय असेल तिथं व्हिडिओ डाउनलोड करा आणि पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावा.

निपाणी_स्टँड

@येळ्ळूर_फाटा, यूट्यूबच्या बटणानं डाउनलोड केलेलं ॲपच्या आतच राहतं. गॅलरीत येत नाही, पेन ड्राइव्हवर जात नाही. प्रीमियम नसेल तर ४८ तासांत एकदा इंटरनेटला जोडावंही लागतं. सोमवारचा वर्ग असेल तर रविवारी उतरवा, गुरुवारी नको. दर्जा सगळ्यांत खालचा घेऊ नका. भजन ऐकायला १४४ चालतं, पण त्यात मेनूची अक्षरं वाचता येत नाहीत. ‘मध्यम’ घ्या. आणि यूट्यूबचे व्हिडिओ उतरवून देणारी बाहेरची ॲप सुचवू नका, त्यातूनच नको ते फोनमध्ये शिरतं.

त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे स्वतःचा छोटा व्हिडिओ करा. अँड्रॉइड ११ पासून बहुतेक फोनवर वरून खाली ओढल्यावर ‘स्क्रीन रेकॉर्ड’ मिळतं. सुरू करताना ‘शो टचेस’ चालू करा, म्हणजे बोट कुठं पडलं तिथं ठिपका दिसतो. मायक्रोफोनही चालू करून आपल्या बोलीत बोला. एक काम, दीड मिनिट. ती फाइल खरोखर तुमची असते, ग्रुपवर जाते, नेटवर्क नसलं तरी चालते. रेकॉर्ड करण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. बँकेचा मेसेज किंवा ओटीपी वरून सरकला तर तोही व्हिडिओत जातो.

तलाठी_नव्हे

चौथा मुद्दा कुणी घेतला नाही आणि सीमाभागात सगळ्यांत जास्त वेळ तिथंच जातो. भाषा जुळली म्हणून राज्य जुळत नाही. ‘सातबारा कसा काढायचा’ हा मराठी व्हिडिओ महाराष्ट्राच्या महाभूलेख साइटचा असतो, ‘आपले सरकार’वरचे दाखले महाराष्ट्राचे, लाडकी बहीण महाराष्ट्राची. त्या यादीत खानापूर शोधून सापडणार कसं? आपल्याकडं पहाणीसाठी ‘भूमी’, जात-उत्पन्न-रहिवासी दाखल्यांसाठी ‘नाडकचेरी’, बाकीच्या सेवांसाठी ‘सेवा सिंधू’, आणि बायकांच्या दोन हजारांची योजना गृहलक्ष्मी. फोन कसा चालतो ते मराठी व्हिडिओत बघा. सरकारी कामासाठी कर्नाटकचाच व्हिडिओ लावा, तो कन्नड असला तरी. सबटायटल असतील तर चाकाच्या चिन्हातून ‘ऑटो ट्रान्सलेट’ आणि त्यात मराठी निवडा. भाषांतर ओबडधोबड होतं, पण कुठं दाबायचं तेवढं कळतं.

पहाणी नुसती बघायची तर भूमीच्या पानावर ‘व्ह्यू आरटीसी अँड एमआर’ घ्या. क्रम असा: जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्वे नंबर. मग ‘गो’ दाबल्यावर सर्नोक, हिस्सा नंबर, कालावधी, वर्ष. अडतं ते होबळीपाशी, कारण सातबाराच्या व्हिडिओत हा टप्पाच नाही. होबळी चुकली तर गाव यादीत दिसत नाही आणि माणूस समजतो साइट बंद आहे. जुन्या पहाणीच्या कागदावर होबळी छापलेली असते, ती समोर ठेवून बसा. सर्नोकला बहुतेक वेळा नुसती चांदणी असते, तीच निवडायची. हिस्सा माहीत नसेल तर यादीतले एकेक उघडून खातेदाराचं नाव बघा. पडद्यावर दिसते ती फक्त माहितीसाठी. बँकेला किंवा कोर्टाला लागते ती पैसे भरून सहीसकट काढावी लागते. ते ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रातून करून घेतलेलं बरं.

कन्नड वाचता येत नसेल तर पडद्यावरच्या बटणांचे आठ शब्द आधी ओळखीचे करून घ्या: हेसरु म्हणजे नाव, जिल्ले म्हणजे जिल्हा, आय्के माडि म्हणजे निवडा, हुडुकि म्हणजे शोधा, मुंदुवरिसि म्हणजे पुढे चला, सल्लिसि म्हणजे अर्ज पाठवा, रद्दु म्हणजे रद्द, हौदु म्हणजे होय. तुमच्यातल्या कन्नड वाचणाऱ्या चौघींकडून मोठ्या अक्षरात तक्ता लिहून भिंतीवर लावा.

कन्नड नोटीस किंवा मेसेज आला तर गूगल ॲपच्या कॅमेऱ्याच्या चिन्हातून लेन्स उघडा, ‘ट्रान्सलेट’ घ्या आणि वर कन्नड ते मराठी ठेवा. मेसेज असेल तर आधी स्क्रीनशॉट काढा. छापील मजकूर बरा येतो, हातानं लिहिलेला येत नाही. आडनावं आणि गावांची नावं यांवर विश्वास ठेवू नका, यंत्र त्यांचाही अर्थ लावून मोकळं होतं. तारखा, रक्कम आणि सर्वे नंबर मूळ कागदावरूनच वाचा. नेटवर्क नसलेल्या गावांसाठी गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड, मराठी आणि इंग्रजी वायफायवर उतरवून ठेवता येतात.

रिपेअर_खडेबाजार

तलाठी_नव्हे यांनी गृहलक्ष्मीचं नाव काढलं म्हणून लिहितो. ‘हप्ता जमा झाला का बघा’ असल्या व्हिडिओंच्या खाली दुवे असतात, त्यातून ॲपची फाइल उतरते. फोन ‘अननोन ॲप्स’ची परवानगी मागतो आणि व्हिडिओवाला सांगतो, द्या. द्यायची नाही. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं. पत्ता कर्नाटक सरकारचा असेल तर पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) आधीचा शेवट ‘कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन’ असाच बघायचा. हे शब्द मध्येच आणि त्या रेघेच्या आधी पुढं आणखी काही असेल तर तो पत्ता सरकारचा नव्हे. व्हिडिओखालच्या कॉमेंटमधल्या ‘मदत क्रमांका’वर फोन करायचा नाही. पडदा शेअर करायचं ॲप कुणी टाकायला सांगितलं की फोन ठेवून द्यायचा. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

मलप्रभाकाठ

होबळीचं आता लक्षात आलं, आम्ही सातबाराचाच व्हिडिओ लावत होतो! तक्ता या आठवड्यातच करते.

एक उरलंच. संघाचे ठराव लॅपटॉपवर मराठीत टाइप करायचेत. टायपिंगचे दोन व्हिडिओ बघितले, दोन्हीत कळा वेगळ्या. एका जुन्या फाइलमधला मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरं आली.

वडगाव_माग

जुनी फाइल श्रीलिपीसारख्या फॉन्टवर केलेली असणार. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. फॉन्ट नसलेल्या ठिकाणी कपडे उतरतात. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचंही तेच होतं. नवीन काम फक्त युनिकोडमध्ये करा.

कळांचे प्रकार तीन. रेमिंग्टन टाइपरायटर शिकलेल्यांसाठी. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडं स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडं व्यंजनं. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरात उच्चार टाइप केला की मराठी होतं. व्हिडिओ सुरू होताच यातलं कुठलं ते बघा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथून मराठी जोडा. मराठीसमोरच्या तीन ठिपक्यांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’, मग ‘ॲड अ कीबोर्ड’. नुसतं ‘मराठी’ लिहिलेला असतो तो इनस्क्रिप्ट, ‘मराठी फोनेटिक’ वेगळा दिसतो. विंडोज १० असेल तर फोनेटिक २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीत शोधू नका. भाषा बदलायला विंडोजची कळ धरून स्पेस.

महिन्यातून एखादा ठराव असेल तर फोनेटिक पुरे. रोज लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिका. पंधरा दिवस बोटं अडखळतात, पण कन्नडचा इनस्क्रिप्टही त्याच जागांवर बसतो. एक शिकलं की दुसरं निम्मं आलं. पहिला धडा म्हणून ‘बेळगाव’ घ्या: वाय, एस, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी.

मलप्रभाकाठ

‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र कसा काढायचा? व्हिडिओत ‘दुसर्‍या’साठी र, हलंत, य सांगितलंय, पण त्यानं वर रफार येतो.

वडगाव_माग

साध्या र नं रफारच येणार, ‘सूर्य’सारखा. खाली टिंब असलेला र घ्यावा लागतो, तो शिफ्ट धरून जे. अख्खा शब्द: ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. हिंदीवाल्यांना हे अक्षर लागत नाही, म्हणून हिंदी व्हिडिओत सापडणार नाही.